पापणीवरचा डाग आणि ग्रहणातली भाजी

बायांनो, आत्ताच अकोल्याहून मूर्तिजापूरला घरी पोचले. अंगात त्राण नाही, पण लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझ्या तीन महिन्यांच्या लेकीच्या पापणीवर लाल डाग आहे. जन्मल्यावर टिकलीएवढा होता, मग वाढतच गेला. लोकांना दिसू नये म्हणून सासूबाई त्यावर रोज काजळ फासायच्या. लसीच्या वेळी नर्सताईंना ती तीटच वाटली.

आज डॉक्टर मॅडमनी ओल्या कापसाने काजळ पुसलं. खाली डाग चांगलाच फुगलेला, डोळा अर्धा झाकत आलेला.

"ही रक्तवाहिन्यांची गाठ आहे. डोळा असाच झाकलेला राहिला तर नजर कमजोर होते. आधी का नाही आणलं?"

मी बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "पोटुशी असतानी ग्रहनात इनं इळ्यावर भाजी चिरली मॅडम. मी नाई म्हनत होती."

"मावशी, भाजीचा काही संबंध नाही. आईमुळे हे होत नाही."

मग औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी लेकीचं हृदय तपासलं, नंतर औषध सुरू केलं. उपाशीपोटी द्यायचं नाही, आणि तपासणीला येत राहायचं. गाठ हळूहळू बसेल म्हणाल्या.

घरी आल्यावर नवरा पाणी देत हळूच म्हणाला, "मले त आधीच वाटत होतं, तुही काही चूक नाही."

आधीच! मग बोलले काहून नाही? पण भांडायचीही ताकद नाही आज.

डाग लेकीच्या पापणीवर होता आणि इतके दिवस घरात तपासणी माझी चालली होती. तुमच्याकडे बाळाला काही झालं की आधी कोणाला तपासतात?