काठाला लावलेलं लोहचुंबक

टायरवाल्या काकूंची जीभ धारदार आणि सुरी त्याहून. जुन्या टायरांतून चपलांचे तळ आणि बांधकामावरची घमेली कापत त्यांनी नवऱ्यामागे घर उभं ठेवलं. सकाळी देवाला हात जोडायचे, मग सुरीला धार लावायची, यात खंड नाही.

पण ही सुरी चालते ती दोऱ्याच्या, म्हणजे आत नुसतं सुती-नायलॉनचं विणकाम असलेल्या टायरावर. आत तारांची जाळी असली की धार गेलीच म्हणून समजा. दोऱ्याची टायरं हल्ली औषधालाही मिळत नाहीत. काकूंनी गॅरेजं पालथी घालून परसात त्यांचा ढीग जमवला होता; त्यात तारेचीही थोडी मिसळून आली होती.

धाकटा दीर टायर शिजवायच्या कारखान्यात कामाला. तिथं टायरं मोठ्या पिंपात कोंडून, हवा न लागू देता तापवतात. बॉयलरसाठी तेल निघतं, काळी भुकटी निघते, तारा उरतात. एके दिवशी कारखान्यासाठी जुनी टायरं गोळा करताना गाडी पुरती भरेना, म्हणून तो वहिनीकडे आला.

"तारेची तेवढी न्या, भाऊजी," काकू बाजाराची पिशवी उचलत म्हणाल्या. "हे लोहचुंबक घ्या. चिकटलं तर भट्टीचं, नाही चिकटलं तर माझं."

परत आल्या तर परस रिकामं. जमिनीवर नुसते टायरांचे गोल वळ.

काकू तशाच कारखान्यात. पिंपाचं दार बोल्ट आवळून बंद, खाली जाळ धडाडलेला.

"उघडा ते!"

"वहिनी, आता उघडलं तर सगळे भाजून मरू. आणि मी एकेक तपासलं हो. सगळ्यांना चिकटलं!"

"कुठं लावलंत?"

त्यानं हवेत बोट फिरवून टायराचा आतला काठ दाखवला.

काकूंचं डोकंच फिरलं. "अहो शहाणे! काठात तार प्रत्येक टायराला असते, नाहीतर ते चाकावर बसेल कसं? पाठीला लावायचं, रस्त्याला घासते त्या पाठीला! एवढी वर्षं तारा उपसताय की माश्या मारताय?"

"पण वाया नाही गेली, वहिनी. तेल होईल त्यांचं."

"तेल मेलेल्या टायरांचं काढा! माझी अजून वर्षानुवर्षं कुणाच्या तरी पायात चालली असती. जिवंत माणूस सरणावर चढवून वर सांगताय, राख कामाला येईल?"



पिंप निवून दार उघडलं तेव्हा काकू पुन्हा हजर. बाकीच्या टायरांच्या जाळ्यांची जटा झालेली. काकूंच्या दोऱ्याच्या टायरांची मात्र काठातल्या तारेची नुसती सुटी कडी. त्यांनी ती वेचली, पदर काळा झाला तरी वेचली, आणि दिराच्या दारावरच्या खिळ्याला अडकवली.

"वहिनी, लोक विचारतात हो."

"सांगा की! परसातला ढीग पहिल्यासारखा भरा, मग काढा."

आता सुट्टीच्या दिवशी तो गॅरेजं धुंडाळतो. टायर मिळालं की पाठीला लोहचुंबक लावतो, दोनदा. काकू तिसऱ्यांदा लावतात. चहा विचारत नाहीत.