गाठमामांचा दोर

माझं काम नेमकं काय, हे मला आजवर कुणालाही एका दमात सांगता आलेलं नाही. रानातल्या प्राण्यांचे रोग गुराढोरांत कसे येतात, गुरांचे माणसांत कसे जातात आणि माणसं ते पुढे कुठे कुठे नेतात, याचा मी अभ्यास करतो. एवढं ऐकलं की समोरचा आदराने मान डोलावतो आणि विचारतो, "म्हणजे डॉक्टर ना?" मी नाही म्हणतो. "मग?" इथे माझी गाडी अडते. खरं सांगायचं तर मी शेणाच्या डब्या आणि रक्ताच्या नळ्या गोळा करतो आणि त्यांच्यावर तारखा लिहितो. सासूबाई पाहुण्यांना "जावई मोठ्या संस्थेत आहेत" एवढंच सांगतात आणि लगेच चहाचं विचारतात. शहाण्या आहेत.

पण नळीत रक्त यायचं तर आधी कुणीतरी जनावर धरून ठेवावं लागतं. ते काम गाठमामांचं. हजेरीपटावर त्यांचं दुसरं काहीतरी नाव होतं, पण त्या नावाने हाक मारली तर मामा मागे वळून आणखी कुणाला तरी शोधायचे.

मामा बुटके, रुंद आणि कधीही घाईत नसलेले. बिथरलेल्या गाईकडे ते समोरून कधी गेले नाहीत. तिच्या बाजूला, दोन हात अंतरावर, बस चुकलेल्या माणसासारखे उगाच उभे राहायचे. थोड्या वेळाने गाय त्यांना विसरायची आणि तिला पुन्हा आठवण व्हायच्या आत दोर तिच्या मानेत असायचा. आणि ती त्यांची गाठ! जनावराने कितीही हिसके दिले तरी गळा आवळायचा नाही, आणि मामांनी एक टोक ओढलं की सुटायची. मला त्यांनी ती तीनदा शिकवली. माझी गाठ एकतर आपोआप सुटायची, नाहीतर कापावी लागायची. गंमत म्हणजे हाच माणूस सुईला घाबरायचा. वळू धरून उभे असताना मी सिरिंज काढली की मामा डोळे घट्ट मिटायचे.

"झालं का, साहेब?"

"झालं, मामा."

"खरंच झालं?"

वळू त्या मानाने धीट.

दोर त्यांचा स्वतःचा, बोटभर जाड, पांढऱ्या सुताचा. फेरीहून परतलं की मामा संस्थेच्या मागच्या अंगणात पोचे पडलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवायचे, त्यात मूठभर धुण्याचा सोडा टाकायचे आणि दोर अर्धा तास उकळायचे. मग तारेवर वाळत. त्यांची आई दवाखान्यातल्या चादरी धुवायची, ही सवय तिची. "दहा दारं फिरतो आपण, साहेब," ते म्हणायचे. मी म्हणायचो, "मामा, मीठ टाकलं का?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचो. मामाही हसायचे. माझ्या विनोदांना हसणारे संस्थेत ते एकटेच होते, याची तरी मी जाण ठेवायला हवी होती.

माझ्याकडे दोर नव्हता, टेप होती. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली, पिवळी, कापडी. जनावराच्या छातीचा घेर मोजला की वजनाचा अंदाज येतो, तेव्हा रोडावलेली जनावरं जास्त आजारी पडतात का ते बघावं, असं माझ्या डोक्यात आलं. कुणी मागितलं नव्हतं. वरिष्ठ तर "कशाला?" असंच म्हणाले होते. पण मला हुरूप आला होता. मी गाई मोजल्या, वासरं मोजली, रानात आईविना सापडलेली हरणाची पाडसं जिथे सांभाळतात त्या कुंपणात जाऊन पाडसंही मोजली. काम झालं की टेप शिंप्यासारखी गळ्यात टाकायचो. तशात मी फार कामसू दिसतो, असं माझं मत होतं.

मोजायला लागल्यापासून चौथ्या महिन्यात एका गोठ्यात नव्याने आणलेल्या वासराच्या डोळ्याभोवती गोल, राखाडी, खपली धरलेला चट्टा दिसला. गजकर्ण. पुढच्या फेरीत ते तीन गोठ्यांत होतं, त्यापुढच्या फेरीत सहा. मग दूध काढणाऱ्यांच्या मनगटांवर उठलं आणि शेवटी पाडसांच्या कानांवर. यात कुणी मरत नाही. बुरशीच ती, खाज सुटते, केस झडतात. पण गोठेवाले वैतागले. मी मात्र, सांगायला लाज वाटते, आनंदाने वेडा झालो. रान, गुरं, माणसं, तिघांत एकच रोग! ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते आपल्या पायांनी चालत आलं होतं. मी भिंतीवर नकाशा लावला आणि रानाकडून गोठ्यांकडे लाल बाण काढले. बाण झकास आले होते.

मामा नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. "पाडसांना सगळ्यात शेवटी झालं ना, साहेब?"

"त्यांच्यात ते लपून असणार, मामा. रानटी प्राणी आजार लपवतात."

मामांनी मान हलवली. मग बोटाने एकेक गोठा जोडत पुलापर्यंत गेले आणि पुलावरून पाडसांच्या कुंपणापर्यंत. "ही आपली गुरुवारची फेरी आहे," ते म्हणाले.

होती खरी. रोग रानातून येत नव्हता, आमच्या जीपमधून जात होता. या धक्क्यातून मी नको तितक्या चटकन सावरलो. प्रत्येक जनावराच्या अंगाला लागणारी आपली वस्तू कोणती, असं मी स्वतःला विचारलं आणि मोठ्या रुबाबात उत्तर दिलं: दोर.

"सोमवारची फेरी पण मीच करतो," मामा हळूच म्हणाले. सोमवारी माझ्याऐवजी दुसऱ्या मॅडम जायच्या. "दोर हाच असतो. तिकडे कुणालाच काही नाही."

"योगायोग," मी म्हणालो. अभ्यासकाने हा शब्द उच्चारला की खुशाल समजावं, त्याचं डोकं चालायचं थांबलंय.

त्याच दिवशी मी अहवाल लिहिला. प्रसाराचं संभाव्य कारण, मदतनीसाचा दोर. दोर पिशवीत बंद होऊन प्रयोगशाळेत गेला आणि मामा भांडारात, बाटल्या धुवायला. मामांनी दोर स्वतःच्या हाताने पिशवीत घालून दिला होता. मला वाटलं, पटलं असणार.

आता गुरुवारच्या फेरीतला तिसरा गोठा मामांच्या लेकीच्या सासरचा होता. गोठा विहीणबाई सांभाळायच्या. तिथलं काम उरकलं की मामा दहा मिनिटांची सुट्टी मागायचे आणि दहा महिन्यांच्या नातीला घेऊन ओट्यावर बसायचे. ती त्यांचा कान धरायची आणि सोडायची नाही. आठवडाभर मामा त्या दहा मिनिटांवर काढायचे. त्याच नातीच्या गालावर आता गोल चट्टा उठला होता, आणि माझा अहवाल गोठ्यागोठ्यांतून कळवला गेला होता.

विहीणबाईंचा फोन आला तेव्हा मी भांडारातच होतो. त्यांचा आवाज मुळात मोठा, मला सगळं ऐकू आलं. "व्याहीबुवा, राग मानू नका, पण सध्या येऊ नका. आलात तरी पोरीला हात लावू नका."

"बरोबर आहे तुमचं," मामा म्हणाले. फोन ठेवून त्यांनी धुतलेलीच बाटली पुन्हा धुवायला घेतली. मी तिथून निघालो. मला वाईट वाटलं, पण स्वतःची लाज वाटली नाही, ही त्यातली खरी वाईट गोष्ट.

त्यानंतरचे पाच गुरुवार औषध लावताना जनावरं मीच धरली. खरं तर त्यांनीच मला धरलं. एका कालवडीने तर मला माझ्याच गाठीसकट चरापर्यंत नेऊन पोचवलं. त्याच दिवसांत बायको म्हणाली, "तुझ्या मानेवर काय उठलंय?"

"कॉलर घासते."

"दोन्ही बाजूंना? आणि गोल?"

"ऊन किती आहे!"

"ऊन गोल लागतं?"

मी गळ्यात रुमाल बांधायला लागलो. लोकांच्या मनगटावरचा चट्टा मी वीस पावलांवरून ओळखायचो. दाढी करताना आरसा माझ्यापासून एक हातावर होता.

प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखण्याचं काम करणाऱ्या बाईंना आम्ही बुरशीताई म्हणतो. दोराशी ताडून बघायला त्यांनी एखादी स्वच्छ वस्तू मागितली होती. मी माझी टेप दिली होती. अर्जावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'स्वच्छ वस्तू, तुलनेसाठी'. ही बुरशी सावकाश वाढते, महिना लागतो. महिन्याने बुरशीताईंनी मला बोलावून काचेच्या दोन बशा पुढे ठेवल्या.

"हा मामांचा दोर," त्या म्हणाल्या. बशी कोरी. "आणि ही तुझी स्वच्छ वस्तू." दुसरी बशी काठोकाठ भरलेली. मग त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. "तो रुमाल काढ जरा."

मी काढला. त्या लगेच हसल्या नाहीत. आधी शेजारच्या खोलीतून आणखी दोघींना बोलावलं.

त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही. लाज वाटली ती भांडाराकडे जाताना. मामा बाटल्या पालथ्या घालत होते. "मामा, दोर नव्हता. माझी टेप होती."

"बरं," मामा म्हणाले. हात पुसले. "मग विहीणबाईंना कोण सांगणार?"

"मी आजच कागद पाठवतो."

"कागद नको, साहेब. कागदानेच झालंय सगळं." इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नाही म्हटलं. "तुम्ही तोंडाने सांगा. माझ्यासमोर."

गुरुवारी आम्ही गेलो. मामा आणि मी फाटकाशी उभे राहिलो. पलीकडे विहीणबाई हातात बादली घेऊन, मामांची लेक कडेवर नातीला घेऊन. शेजारचे गोठेवालेही कामं टाकून आले होते. मी जीपमध्ये मनाशी घोकलं होतं, तसं सुरू केलं. "रोगप्रसाराच्या माध्यमांबाबत जो प्राथमिक अंदाज..."

"सरळ सांगा," विहीणबाई म्हणाल्या.

"मी पसरवलं," मी म्हणालो. "मामांच्या दोराने काही झालं नाही. मी टेपने जनावरं मोजत फिरलो, त्या टेपने झालं. मामा दोर उकळायचे. मी त्यांना हसायचो." आणि रुमाल सोडून मान दाखवली.

सगळ्यांनी ती नीट पाहिली. मग विहीणबाईंनी विचारलं, "पण जनावरं मोजायची कशाला होती?"

मी खरोखर विचार केला. "माहीत नाही," मी म्हणालो.

विहीणबाईंनी बादली खाली ठेवली, फाटक उघडलं, सुनेच्या कडेवरून पोरीला घेतलं आणि मामांपुढे धरलं. "घ्या, व्याहीबुवा. माझं चुकलं."

मामांनी घेतलं नाही. आधी पाणी मागितलं, साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले. मग हात पुढे केले. गालावरचा चट्टा पुसट झाला होता. नात त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. पाच गुरुवार म्हणजे त्या वयात फार झाले. मला वाटलं, आता रडणार. तिने हात लांब केला आणि त्यांचा कान धरला.

मामांनी डोळे घट्ट मिटले, सुई बघून मिटायचे तसे. न राहवून मी एक पाऊल आत टाकलं.

"साहेब," मामा डोळे न उघडता म्हणाले, "तुम्ही तिथेच थांबा."