अक्कांनी अडवलेला अहवाल

डॉ. इंदुमती देवरे यांना मी पहिल्यांदा भेटलो, तेव्हा पीएच.डी.चा विषय इंग्रजीत पाठ करून गेलो होतो. जळगावच्या महाविद्यालयात त्या व्यवस्थापनशास्त्र शिकवीत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "केळीचा घड कधी खांद्यावर घेतलाय का?" मी सराफ बाजारात वाढलेला. केळं सोलण्यापलीकडे माझा त्याच्याशी संबंध नव्हता. "मग आधी यावलला जाऊन या," म्हणत त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. त्या दिवशी बाई मला चांगल्याच तिरसट वाटल्या होत्या, हे त्यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथात कबूल करायला आता हरकत नाही.

धुळे-जळगावात त्यांना सगळे अक्काच म्हणतात. प्राचार्यही म्हणतात आणि डाळमिलमधले हमालही. संशोधन कपाटात ठेवायचं असेल तर ते करूच नये, असं त्यांचं म्हणणं. विद्यार्थ्याच्या प्रत्येक अभ्यासाचं त्या मोठ्या अक्षरांतलं एक मराठी पान करून घेत आणि ते मिलमधल्या पाण्याच्या माठाशेजारी लावत. सूचनाफलकाकडे कोणी बघत नाही, तहान मात्र सगळ्यांना लागते, असा त्यांचा साधा विचार. दुसरा दंडक याहून कडक होता. प्रबंध विद्यापीठात जाण्याआधी, ज्यांच्यावर लिहिला त्यांच्यापुढे बसून तो सोप्या भाषेत वाचायचा. आम्ही विद्यार्थी त्याला अक्कांच्या माघारी 'पोथी लावणं' म्हणत असू.

माझा विषय होता, केळीचे घड उतरवताना आणि भरताना खराब का होतात. यावलजवळच्या एका पॅकिंग केंद्रावरच्या मजूर टोळीकडून मी प्रश्नावली भरून घेतली. निष्कर्ष निघाला, मजुरांचा निष्काळजीपणा. उपाय सुचवला, टोळी बदलावी. केंद्राच्या मालकांना मसुदा इतका पटला की त्यांनी दुसरी टोळी शोधायला सुरुवातही केली. आपलं संशोधन प्रत्यक्षात उतरतंय म्हणून मी हरखून गेलो आणि पेढे घेऊन अक्कांकडे पोचलो.

अक्का एकदम अहिराणीवर आल्या. त्या रागावल्याची ती हमखास खूण.

"ज्यास्नावर लिखं, त्यास्ले वाची दखाडं का?"

ज्यांच्यावर लिहिलं, त्यांना वाचून दाखवलं नव्हतं. माझी मुदत संपत आली होती आणि नोकरी त्या पदवीवर अडली होती. अक्कांनी ते ऐकून घेतलं, मालकांना फोन करून थांबायला सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी मला एसटीत बसवून यावलला नेलं. पेढ्यांचा पुडा तसाच टेबलावर राहिला.

केंद्राच्या शेडमध्ये मी वाचायला बसलो. मालकही येऊन उभे राहिले. 'निष्काळजीपणा' या शब्दापर्यंत आलो. मग टोळीतल्या सर्वांत जुन्या मजूर, सखूबाई, म्हणाल्या, "भाऊ, हे आमाले कधी इचारलं तुमी?"

"तुम्हीच तर फॉर्म भरून दिलेत."

"कोनता फॉर्म?"

मागे उभा असलेला मुकादम स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. मी फॉर्मचा गठ्ठा त्याच्या हाती देऊन गेलो होतो आणि त्यानं सगळ्यांचे फॉर्म एका बैठकीत, एकट्यानं भरले होते. सगळी उत्तरं जुळली म्हणून मी प्रबंधात लिहिलं होतं, 'मजुरांमध्ये विलक्षण एकवाक्यता आढळते.'

"घड आमी सकाळीच उतरतो," सखूबाई सांगू लागल्या. "टरक येते दुपारी. तोवर माल उन्हात पडेल राह्यतो. मंग सारे म्हनता, भरा, लवकर भरा."

ट्रकची वेळ मालक ठरवत. अक्का उठल्या आणि टोळीपुढे हात जोडून म्हणाल्या, "ही प्रश्नावली मी मंजूर केली होती. ती कोणाच्या हातात पडते, हे मी विचारलं नाही. चूक माझीही आहे." एवढ्या मोठ्या विदुषीला माझ्यापायी हात जोडताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ट्रक सकाळी येऊ लागला आणि टोळी कामावर राहिली. माझा प्रबंध मात्र पाण्यात गेला. आता पीएच.डी. नको, असं ठरवून मी घरी बसलो. आठवड्यानं अक्का स्वतः आमच्याकडे आल्या, आईच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी पोटभर जेवल्या, आणि निघताना मुदतवाढीचा अर्ज माझ्यापुढे ठेवला. उशिराच्या कारणापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'मार्गदर्शकाकडून राहिलेली चूक.' खाली त्यांची सही होती. मला सल्ला देणारे पुष्कळ भेटले, पण माझी चूक अशी स्वतःच्या नावावर घेणारं दुसरं कोणी भेटलं नाही. मी पुन्हा यावलला गेलो आणि प्रत्येक मजुराशी स्वतंत्रपणे बोललो. पदवी उशिरा मिळाली. आज वर्गात जे काही शिकवतो, ते त्या उशिरातच शिकलो.

निवृत्तीनंतर अक्का धुळ्याला देवपुरात राहतात. गुडघे कुरकुरतात, पण नवीन प्रश्नावली हातात आली की चष्मा पुसून बसतातच. 'हा फॉर्म भरतं कोण?' हा त्यांचा पहिला प्रश्न ऐकून चांगल्या चांगल्या प्राध्यापकांना घाम फुटतो, आणि मला त्या वेळी मनातून फार बरं वाटतं.

हा लेख लिहिण्याआधी मी सखूबाईंकडे गेलो. त्या आता कामावर जात नाहीत, सून जाते, त्याच टोळीत. अक्कांसाठी काय लिहू, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "लिवा, अक्कामुळं आमचं काम राह्यलं. शंभर वरीस जगो अक्का, अन् हिंडती-फिरती राहो."

अक्कांना निरोगी दीर्घायुष्य लाभावं, ही सखूबाईंची इच्छा मी त्यांच्याच शब्दांत इथे नोंदवली आहे. या वेळी मी स्वतः विचारून आलो आहे.