भागूवन्सं आणि आळीतली विहीर

तार आली तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. हे शाळेत गेले होते आणि घरात इंग्रजी वाचणारं कुणी नव्हतं. शिपायाने माझ्या हातात लिफाफा दिला आणि माझ्या तोंडाकडे न बघताच तो चालता झाला, त्यावरूनच काय ते समजायला हवं होतं. शेजारच्या बायका दारात जमल्या. एक जण तर लिफाफा फोडण्याआधीच पदर डोळ्यांना लावून बसली. मी तो फोडला. चार-पाच शब्द होते, त्यांतलं एकही अक्षर मला लागेना. ठाण्याची ही शाळा आमच्या घरापासून काही लांब नाही. कुणाला तरी पाठवून यांना बोलावून घेता आलं असतं. मी पाठवलं नाही. दोन तास तो कागद मुठीत धरून घरभर फिरत राहिले, चुलीपासून ओटीपर्यंत आणि ओटीपासून चुलीपर्यंत. वाचलं नाही तोवर काही घडलेलं नाही, असं काहीसं मनात होतं... आणि त्याच वेळी हेही मनात येत होतं की आज भागूवन्सं इथे असत्या तर त्यांनी एका दमात वाचून दाखवलं असतं. हे आले, त्यांनी वाचलं आणि ते खालीच बसले. तार भागूवन्संच्याच मरणाची होती.

त्या माझ्या नणंद, यांची धाकटी बहीण. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि कल्याणला भावाच्या घरी परत आल्या. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, अंगावर विधवेचं लाल आलवण आणि डोक्यावरून पदर. माझ्याशी पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "वहिनी, तुम्हाला वाचता येतं का?" मी नाही म्हटलं. "मग शिका. इथे दुसरं काही करमणुकीचं नाही." मला मराठी अक्षरं यांनी शिकवली असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे निम्मी वन्संनी शिकवली, दळता दळता, जात्याभोवती सांडलेल्या पिठात बोटाने काढून.

हे तेव्हा कल्याणच्या शाळेत मास्तर होते. रेल्वेतल्या एका साहेबाला ते मराठी शिकवायला जात. साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्याने यांना एक लाकडी पेटी दिली. आत पितळेची नळी, खाली छोटा गोल आरसा, काचेच्या पट्ट्या आणि एक इंग्रजी पुस्तक. सूक्ष्मदर्शक यंत्र. आळीत त्याचं नाव 'किड्यांची दुर्बीण' पडलं. महिनाभर यांनी हौसेने डासाचा पंख, मिठाचा खडा, कांद्याचा पापुद्रा असं काय काय पाहिलं, आम्हाला दाखवलं. मग परीक्षा आल्या आणि यांची हौस ओसरली. वन्संची मात्र तिथून सुरू झाली. पेटीतलं ते पुस्तक वाचता यावं म्हणून त्या इंग्रजी शिकल्या, यांच्या शाळेतल्या जुन्या पुस्तकांवरून, कुणाला न विचारता. सकाळची कामं आटोपली की उत्तरेच्या खिडकीशी बसायच्या. एक डोळा नळीला, दुसराही उघडाच, आणि उजवा हात शेजारच्या कागदावर चालत असायचा. जे दिसेल ते काढायच्या. डबक्याचं पाणी, ताकाचा थेंब, दातांवरची साय. किळस येऊन मी म्हणायची, "वन्सं, आता आंघोळ करा हो." त्या हसायच्या. "वहिनी, हे सगळं आंघोळीच्या पाण्यातही आहे."

त्या सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली की एका जर्मन डॉक्टराला कलकत्त्याच्या तळ्यात पटकीचा जंतू सापडला. आकार छापील स्वल्पविरामासारखा, वाकडा. यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि त्याच दिवसापासून आमच्या घरी प्यायचं पाणी उकळायचं ठरलं. मी कुरकुर केली. जळणाचा प्रश्न होता आणि उकळलेल्या पाण्याला चवही नसते. पण उकळत होते.

पुढच्याच उन्हाळ्यात आळीत पटकी शिरली. पहिल्या दोन दिवसांत तीन तिरड्या उठल्या. सबंध आळी एकाच विहिरीवर पाणी भरायची आणि आजाऱ्यांचे कपडेही तिच्याच काठावर धुतले जायचे. ती विहीर बंद करावी असं यांचं म्हणणं. पण आळीत शब्द चालायचा तो बयोकाकूंचा. साठीची बाई, चार मुलगे, सुना-नातवंडं, आणि तोंड असं की भलेभले पुरुष वाट बदलत. काकूंनी निरोप पाठवला, 'तुमच्या दुर्बिणीतून विहिरीत तो किडा दिसला तर सांगा. मग आम्ही नदीचं पाणी आणू.' वन्सं तीन दिवस खिडकीपासून हलल्या नाहीत. त्यांचा डोळा लाल झाला होता, गालावर नळीचा वळ उठला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी हे त्यांना म्हणाले ते मी स्वयंपाकघरातून ऐकलं.

"भागू, दिसला म्हणून सांग."

"पण दादा, नाही दिसला."

"तो असणारच तिथे. आपलं यंत्र कमी ताकदीचं आहे, एवढंच."

"असेल. पण मला नाही दिसला."

थोड्याच वेळात बयोकाकू पाच-सहा बायकांना घेऊन ओटीवर आल्या. "काय गं भागे, दिसला का तो?" वन्सं उभ्या राहिल्या. "नाही काकू. पाण्यात जीव पुष्कळ आहेत, पण तो नाही दिसला. तरी माझं ऐकाल तर पाणी उकळून प्या." उकळण्याचं ते वाक्य कुणी ऐकलंच नाही. "झालं तर मग," काकू म्हणाल्या आणि बायका तशाच घागरी घेऊन विहिरीकडे वळल्या.

माझा मधू तेव्हा पाच वर्षांचा होता. दोन घरं पलीकडे खेळायला गेला आणि खेळून दमल्यावर तिथेच भांडंभर पाणी प्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उलट्या सुरू झाल्या आणि दिवेलागणीच्या आत सगळं संपलं. त्याविषयी मी याहून जास्त लिहू शकत नाही. दहाव्या दिवशी मी वन्संना विचारलं. ओरडून नव्हे, अगदी हळू. "एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" त्यांनी उठून पेटीचं झाकण लावलं. पेटीच्या शेजारून जाताना मी मान फिरवून जाऊ लागले.

पावसाळा सरल्यावर वन्संनी एक वेगळंच काम काढलं. आळीतल्या प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं : उन्हाळ्यात तुम्ही पाणी कुठलं प्यायलात, कच्चं की तापवलेलं, कोण आजारी पडलं, कोण गेलं. आलवणातली बाई सकाळी दारात उभी राहिली तर लोक काय म्हणतात ते वाचकांना सांगायला नको. कुणी दार लावून घेतलं, कुणी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. ज्या घरात मधू पाणी प्याला त्या घरी गेल्या तेव्हा तिथली बाई रडायलाच लागली. वन्सं दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. चार महिने हे चाललं होतं. शाळेतल्या एका फाटक्या नकाशाच्या पाठीवर त्यांनी आपली आळी काढली, घरन्‌घर, आणि जिथे मरण आलं तिथे शाईचा ठिपका दिला. आळीच्या टोकाला मिठागरात राबणारं एक कुटुंब राहायचं. ती माणसं दिवसभर पेज, म्हणजे भाताचं उकळलेलं पाणीच प्यायची. त्या घरावर ठिपका नव्हता. आणखी एका घरी म्हातारीच्या हट्टामुळे मोहने गावाच्या बाजूने, नदीच्या वरच्या अंगाचं पाणी कावडीने येई. तिथेही नव्हता. आमच्या घरावर होता. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाहेर प्याला'.

तो कागद घेऊन त्या बयोकाकूंकडे गेल्या. काकूंची मधली सून त्याच उन्हाळ्यात गेली होती. मी वन्संच्या मागोमाग गेले आणि दाराआडच थांबले. का गेले ते अजूनही नीट सांगता येत नाही. त्यांची फजिती बघायला गेले होते असं कुणी म्हटलं तर मला नाकारता येणार नाही. काकूंनी कागद उलटा धरला, सुलटा धरला, आपल्या घरावरचा ठिपका बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तू नाही म्हणालीस, भागे. हो म्हणणं किती सोपं होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. म्हणून आज ऐकते तुझं. काय करायचं ते सांग."

ते ऐकून मी तिथून निघाले. रस्त्यात पायांत चपळाई कुठून आली कोण जाणे, जवळजवळ धावत घरी आले. वन्संचं खरं ठरलं होतं. त्या दिवशी खोटं बोलल्या असत्या तर आज त्यांच्या ठिपक्यांवर कुणी विश्वास ठेवला नसता, हे मला कळत होतं. पण त्या खऱ्याच्या आणि विश्वासाच्या मध्ये माझं मूल होतं... ही दोन्ही वाक्यं मी इतकी वर्षं मनात शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एक दुसऱ्याला कधीच पुसत नाही.

पुढे यांची बदली ठाण्याला झाली. वन्सं आल्या नाहीत. मागच्या दोन खोल्या ठेवून त्या कल्याणलाच राहिल्या. नंतर दोनदा पटकी आली, आसपासची गावं हादरली. आमच्या त्या आळीत घरोघर सकाळी पहिलं आधण पिण्याच्या पाण्याचं चढत होतं आणि दोन्ही वेळा तिथून एकही तिरडी उठली नाही. हे मला वन्संच्या पत्रांतून नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळलं. पत्रांत त्या फक्त पाहिलेलं लिहायच्या : आज शेवाळात हिरवी चक्रं दिसली, आज कोळ्याच्या पायाला कंगवे दिसले. मी उत्तरात 'इकडील सर्व कुशल' एवढंच लिहायची. दोन वर्षांपूर्वी एका मुंजीसाठी कल्याणला गेले होते. निघताना त्या अंगणापर्यंत आल्या. "वहिनी, एक गंमत काचेवर लावून ठेवली आहे. बघता का? क्षणभरच." मी म्हटलं, "टांगा थांबलाय." टांगा आणखी अर्धा तास थांबला असता, टांगेवाला ओळखीचाच होता. ती आमची शेवटची भेट.

तार आली त्या संध्याकाळी आम्ही पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं. तीन दिवसांचा ताप, दुसरं काही नाही. बयोकाकू आता पार वाकल्या आहेत. माझा हात धरून त्या मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या आणि पेटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही वहिनीला द्या म्हणाली. मी विचारलं, ती बघेल का गं? तर म्हणाली, ठाऊक नाही."

पेटी ठाण्याला आणली आहे. महिना होत आला. पहिले काही दिवस ती फडताळात होती. मग एका सकाळी मी ती काढली, खिडकीत ठेवली, काचेवर आमच्या विहिरीच्या पाण्याचा थेंब घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन नळीला डोळा लावला. काळ्या काटक्यांसारखं काहीतरी फडफडताना दिसलं. घाबरून मागे झाले. पुन्हा पाहिलं, पुन्हा तेच. हे हसून म्हणाले, "अगं, त्या तुझ्याच पापण्या." तेव्हापासून रोज बसते. मान दुखते, डोळ्याला पाणी येतं, आरसा इकडे वळवला की अंधार आणि तिकडे वळवला की नुसता पांढरा उजेड. डोळा किती लांब धरायचा, श्वास रोखायचा की सोडायचा, हे सगळं वन्संना विचारायचं होतं. काल सकाळी मात्र त्या पांढऱ्या उजेडात एका कडेने काहीतरी सरकलं, थांबलं आणि पुन्हा सरकलं. स्वयंपाक तसाच राहिला. यांनी विचारलं, "काय होतं?" जीव होता, असं म्हणावंसं फार वाटलं. पण धुळीचा कणही असू शकेल. मी म्हटलं, "अजून सांगता येत नाही," आणि पुन्हा वाकून बसले.