बिनआवाजाची भाकरी

कोर्टानं फारकत दिली, पण वीरण्णा काही महानंदाच्या घरातून जाईना. आता तुम्ही म्हणाल, हा काय प्रकार? तो माणूस उदगिरात, आपल्या कापडाच्या दुकानात. ही लातुरात, भाड्याच्या खोलीत, पदरी चार वर्षांची रुद्राणी. तरी सकाळी चूल पेटली, की पाठीमागं त्याच्या वहाणा वाजल्यासारखं महानंदाला व्हायचं.

उदगिरात त्याच्या झोपेचं लई कौतुक. भाकरीच्या थापेनं झोप मोडली, की तो तडक चुलीपाशी यायचा. एकदा तर तापलेला तवाच त्यानं हिच्या अंगावर लोटला. मनगटावरचा डाग अजून हाय. तेव्हापासून ती परातीखाली गोणपाट घालून, बोटांनी दाबून दाबून, आवाज न करता भाकरी करायची. जीव वाचवायला बाईला काय काय शिकावं लागतं, शिव शिव!

लातूर जिल्हा झाला, तशी गावात परगावच्या कारकुनांची रीघ लागली. सगळे बायकामुलं मागं ठेवून आलेले. महानंदानं त्यांच्या भाकरीचं काम धरलं. पण मेली भाकरी मोडायची. "महानंदाबाई, ही भाकरी न्हाई, चुरा हाय," असं कारकून अमृतराव हसत म्हणायचे आणि ही दुष्काळाला बोल लावायची. पाऊस फिरकलेला नाही, ज्वारी जुनी, पिठाची विरी गेलेली, मग चिकटपणा यावा कुठून? सगळ्यांना पटायचं. तिला स्वतःलाही पटलं होतं.

एका सकाळी शेजारच्या साखराबाई टँकरवरची घागर घेऊन आत आल्या. महानंदा परातीवर वाकलेली. बाजूला रुद्राणी पिठाचा गोळा पाटावर ठेवून, आईसारखीच बोटांनी हळूहळू दाबत बसलेली.

"अगं, असं काय करतीस? थाप की चांगली!" साखराबाई म्हणाल्या.

पोरीनं ओठांवर बोट ठेवलं. "हळू. बाबा उठतेल."

महानंदाचा हात जागीच थांबला. उदगीर सोडलं तेव्हा ही जेमतेम दोन वर्षांची. बापाचं तोंडही तिला आठवत नसेल. मग हे तिला कुणी शिकवलं? मीच की! रोज सकाळी, चुलीपुढं बसून! तिला स्वतःचा असा राग आला, की रडूही येईना.

तिनं परातीखालचं गोणपाट ओढलं आणि अंगणात भिरकावलं. नवा उंडा घेतला आणि हात उचलून दणादण थापायला लागली. रुद्राणी किंचाळली. धावत जाऊन तिनं दाराची कडी लावली आणि गळ्यातली लिंगाची डबी मुठीत धरून दाराला पाठ लावून उभी राहिली. थापता थापता महानंदाचेही कान दाराकडंच.

"येऊ दे कोन येतंय ते!" ती ओरडली.

कुणी आलं नाही. भाकरी तव्यावर टम्म फुगली.

"पिठाला काय झालंय गं? चांगलं तर हाय," साखराबाई म्हणाल्या आणि रुद्राणीला हाताला धरून पाटाशी घेऊन आल्या.

पोरीनं गोळ्यावर एक थाप मारली आणि दाराकडं बघितलं. पुन्हा मारली, पुन्हा बघितलं. मग न बघताच थापायला लागली.

महानंदा मात्र अजून दाराकडंच बघत होती.