सातची शिकवणी आणि शेजारचा नगारा

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी माझी बाजू सावरायला नको. पण त्या उन्हाळ्यातला राग रोज संध्याकाळी बरोबर सात वाजता यायचा.

बाबांना लकवा येऊन दोन महिने झाले होते. उजवा हात हळूहळू हलायला लागला, पाय घासत का होईना चालायलाही लागले, पण बोलणं गेलं. उरलं काय, तर एक ‘हव’, म्हणजे आमच्याकडचं ‘हो’, आणि एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही. जन्मभर रायपूरच्या रेल्वेत हिंदीतून नोकरी केलेल्या या माणसाला हिंदी कळेनाशीच झाली. इथल्या स्पीच थेरपिस्टने ग्लास दाखवून काही विचारलं की ते नुसते बघत बसायचे. तेच मी मराठीत विचारलं की हात पुढे करायचे. म्हणून नागपूरच्या एक ताई शोधल्या, मराठीतून शिकवणाऱ्या. त्यांची एकच वेळ रिकामी होती, सात ते साडेसात, व्हिडिओवर. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, “पहिले सहा महिने फार मोलाचे. जे परत यायचं ते बहुतेक याच दिवसांत येईल.” म्हणजे हातात राहिले चार.

आणि सात वाजले की आमचं नेट मरायचं.

चौबे कॉलोनीतल्या आमच्या गल्लीत फायबर आलेलं नाही. रस्ता नुकताच काँक्रीटचा झाला, तो खोदायची परवानगी मिळत नाही. त्यामुळे ब्रॉडबँड जुन्या टेलिफोनच्या तारेवरच. मोबाइलला रेंज मिळते ती गच्चीवर, आणि बाबांना जिना चढवत नव्हता. दिवसभर नेट ठणठणीत असायचं. सातला मोडेमचा हिरवा दिवा लुकलुकायचा, मग लाल व्हायचा, आणि ताई उघड्या तोंडाने पडद्यावर अडकून बसायच्या. पाच मिनिटांनी परत यायच्या. “हं बाबा, पुन्हा. हा कप. क... प.” बाबा ओठ जुळवायचे, कपाळावर घाम यायचा, ‘क’ निघायच्या बेतात असायचा, की पुन्हा लाल दिवा. सगळं सुरळीत होईपर्यंत ताईंचा पुढचा पेशंट आलेला असायचा.

तक्रारी करून माझ्या नाकी नऊ आले. लाइनमन यायचा दुपारी बाराला, तेव्हा कुठलं काय बिघडलेलं! “साहब, लाइन तो एकदम बढ़िया है.” मोडेम बदललं, तार बदलली, आणि तिसऱ्या खेपेला तो उन्हावर खापर फोडून निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यात शेजारच्या भैयांची भर. त्यांनी देवघरात आरतीचं यंत्र बसवलं होतं. मोटरवर चालणारा नगारा, झांजा आणि घंटा. यजमानांनी बटण दाबून नुसते हात जोडायचे, बाकी मेहनत मोटरची. सातच्या आरतीला त्याचा असा दणका सुरू व्हायचा, की मी शिकवणीआधी खिडक्या लावून घ्यायचो. मला वाटायचं, त्रास आहे तो कानांनाच.

याच सुमारास बाबांनी एक नवं खूळ काढलं. दिवा लाल झाला की ते उठायचे, कपाटावरचा जुना ट्रान्झिस्टर काढायचे आणि लावायचे. स्टेशन नाही, काही नाही, नुसती खरखर. तो माझ्या नाकासमोर धरून “हव! हव!” करायचे. इकडे ताईंना परत जोडायची माझी धडपड, आणि यांना रेडिओ हवा! चार दिवस मी तो मुकाट्याने काढून घेतला. पाचव्या दिवशी ओरडलो, “बाबा, तुमच्यासाठीच मरून राहिलो ना मी? अन् तुमाले गाणी सुचून राहिली?”

त्यांनी मला शिवी दिली. ती मात्र अगदी स्पष्ट.

“अहो, ते तुमाले काही सांगून राहिले,” बायको म्हणाली.

“काय सांगून राहिले? खरखर?”

“मग खरखरच ऐका ना.”

तिने ट्रान्झिस्टर उचलला आणि घरभर फिरवला. स्वयंपाकघरात खरखर कमी. शेजाऱ्यांकडच्या भिंतीपाशी कान फाटतील इतकी. तेवढ्यात तिकडची आरती संपली, नगारा थांबला, आणि खरखरही थांबली. थोड्या वेळाने मोडेमवर हिरवा दिवा लागला.

बाबांनी अडतीस वर्षं रेल्वेच्या टेलिफोन खात्यात काढली होती. कुठे ठिणगी उडून लाइन बिघडते आहे हे शोधायला ते रेडिओ घेऊन तारेच्या कडेकडेने चालायचे, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यांना कधीच कळलं होतं. सांगायला शब्द नव्हते, म्हणून त्यांनी वस्तू आणून दाखवली, आणि मी ती हिसकावून घेतली.

हा राग मला गिळता येईना, म्हणून दुसऱ्या दिवशी सातला मी तो भैयांच्या घरी नेला.

“भैया, आपकी मशीन से हमारा नेट बंद होता है.”

“घंटी से नेट? भाई साहब, भगवान के काम में भी आपको तकलीफ है?”

मग मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. भक्तीला मोटर कशाला लागते, असं नक्की बोललो. त्यांचा आवाज चढला, माझा त्याहून चढला, फाटकाशी गल्ली जमली. बाबा मागून कधी आले कळलंच नाही. चप्पल घासत ते सरळ देवघराशी गेले आणि ट्रान्झिस्टर यंत्राजवळ धरला. खर्रर्र. बटण बंद केलं. शांतता. बटण चालू केलं. खर्रर्र. मग त्यांनी भैयांकडे बघत स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

भैयांनी स्वतःच्या हाताने बटण बंद केलं. “पहले बोल देते, बाबूजी,” म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

मोटरचे कार्बन झिजून आत ठिणग्या उडत होत्या, ते मेकॅनिकने बदलले. तोवर भैयांनी घंटा हाताने वाजवली. मी ज्याच्याशी भांडायला गेलो होतो, त्याला बाबांचं म्हणणं एका मिनिटात कळलं होतं. याचाही मला रागच आला. शिकवणीचे पाच आठवडे गेले ते गेलेच.

पुढे महिनाभराने ताई म्हणाल्या, “आज चित्रं नाहीत, बाबा. तुमच्या मनातलं काहीतरी सांगा.”

बाबा ओठ जुळवायला लागले. मी शेजारी होतोच. “पाणी पाहिजे? चहा? पाय दुखतो?” त्यांनी डावा हात वर करून मला गप्प केलं. मग ताईंकडे बघून, एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, “हा... पोट्टा... आयकत नाही.”

ताईंनी टाळ्या वाजवल्या. अख्खं वाक्य! बायको दारात डोळे पुसायला लागली.

“वा बाबा! पुन्हा एकदा म्हणा.”

ते पुन्हा म्हणाले. या वेळी माझ्याकडे बघून.