शिमग्यात गेलेलं दार

हल्ली वर्तमानपत्रात वाचते की पोलिसांपुढे फार नवे नवे प्रश्न उभे राहिले आहेत. माणसं कमी, साधनं जुनी, वरून दट्ट्या, खालून लोकांचा विश्वास नाही. वाचून मला हसू येतं. हे सगळे नवे प्रश्न मी कोकणात तळे गावाच्या खाली, खाडीकाठच्या एका चौकीत, नवऱ्याच्या हाताखाली संसार करताना, रोज झाडूनपुसून ठेवलेले आहेत.

मिठाची चळवळ होऊन गेली होती, तेव्हाची गोष्ट. आमची चौकी म्हणजे पुढे ओटी, मध्ये कोठडी आणि मागे आमचं बिऱ्हाड. कागदावर तिथे तीन शिपाई होते. त्यांतला एक कायम आजारी रजेवर आणि दुसरा तालुक्याला फौजदारसाहेबांच्या बंगल्यावर, भाजी आणण्याच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या कामावर. उरले आमचे हे. दोन लाठ्या, एक कंदील आणि एक शिट्टी एवढ्यावर ह्यांनी पाच गावांची शांतता राखायची होती. समोर खाडी आणि खाडीपलीकडे नबाबाचं हबसाण, म्हणजे दुसरंच संस्थान. चोर होडीत बसला की आमचा कायदा पाण्यापाशी संपायचा. हे काठावर उभे राहून शिट्टी फुंकायचे आणि पलीकडून चोर हात हलवायचा. निदान माणूस सभ्य होता म्हणायचा.

त्या वर्षी कोठडीच्या दाराची बिजागरी तुटली. दुरुस्तीचा अर्ज वर गेला आणि वरच राहिला. पावसाळ्यात दार फुगलं, थंडीत वाकडं झालं, म्हणून ह्यांनी ते उचलून परसात भिंतीला टेकवून ठेवलं. फणसाचं जाड, वाळलेलं लाकूड. माघ सरत आला तशी मी ह्यांना म्हटलं, "अहो, शिमगा आला. ते दार आत घ्या."

"सरकारी दाराला हात लावायची कुणाची छाती आहे?" हे म्हणाले. माणूस कोकणातला, आयुष्य कोकणात गेलेलं, आणि अंगावर खाकी चढल्याबरोबर शिमगा विसरलेला! आमच्याकडे होळीचं लाकूड विकत घेत नाहीत आणि मागतही नाहीत, चोरतात. कुणाची मोडकी बाज जाते, कुणाचं कुंपण. एकदा ते होळीवर पडलं की मालकानं परत मागायचं नाही आणि नेणाऱ्याचं नाव कुणी घ्यायचं नाही. चार दिवस आधीपासून गावातल्या म्हाताऱ्या आपल्या पाटावर बसून राहतात, त्या काही हौसेनं नाही.

होळीला फौजदारसाहेब बंदोबस्तासाठी स्वतः आले. घाटावरचे होते. चळवळीनंतर वरून हुकूम होता की कुठेही जमाव दिसला तर लक्ष ठेवा, आणि शिमग्यात तर अख्खं गाव एकत्र जमून बोंब मारतं. साहेबांनी ह्यांना विचारलं, "ही बोंब सरकारविरुद्ध आहे काय?" हे म्हणाले, "नाही साहेब, सगळ्यांविरुद्ध आहे." तेव्हा कुठे साहेबांना बरं वाटलं.

साहेब प्रत्यक्ष आलेत म्हटल्यावर पोलीस पाटलानं होळी पेटवायचा आपला मान त्यांना दिला. मधोमध आंब्याचा सोट, भोवती लाकडं आणि वरून पेंढा. साहेबांनी टोपी काढली, चूड हातात घेतली, तीन फेऱ्या घातल्या आणि होळी पेटवली. ढोल वाजले. पाटलाचा मुलगा आणि त्याचे सोबती इतक्या मनापासून बोंबलत होते की साहेबांना ते आपल्या लोकप्रियतेचं लक्षण वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होळीची राख कपाळाला लावायला बायका गेल्या, त्यांत मी होते. राखेत मला काळी पडलेली एक लोखंडी कडी दिसली. कोठडीच्या दाराची ती कडी मी वर्षभर रोज पुसली होती. मी ती उचलली आणि पदराखाली घरी आणली. कुणी काही विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊकच होतं.

धुळवडीला एका दारुड्यानं साहेबांच्या तोंडावर शिव्या दिल्या. शिमग्यात शिव्यांचा राग धरत नाहीत, पण साहेबांना ते कोण सांगणार? "घाला कोठडीत," म्हणून ते स्वतः कोठडीपर्यंत आले आणि बघतात तो दारच नाही, परसातल्या भिंतीलाही नाही. दारुडा मोठ्या अदबीनं आत जाऊन बसला आणि लगेच बाहेर आला.

पोलीस चौकीतून पोलिसांचं दार चोरीला गेलं, हे तालुक्याला कळलं असतं तर साहेबांची बढती खाडीत बुडाली असती. ते ह्यांच्यावर ओरडले, "देवीची पालखी गाव सोडायच्या आत चोर उभा कर, नाहीतर पट्टा काढून ठेव!"

मग तपास झाला. तपास म्हणजे साहेबांनी चहा पिता पिता विचार केला. लाकूड गेलंय. लाकूड कोण तोडतं? कातकरी. वाडीवर कातकरी किती? पुष्कळ. त्यांतला चौकीला लाकूडफाटा कोण घालतो? एक. झाला तपास. आमच्या घरी मोळी आणणाऱ्या त्या गरीब माणसाला धरून आणलं आणि कोठडीला दार नाही म्हणून ओटीच्या खांबाला बांधलं. पुढं जे केलं त्याला त्यांच्या भाषेत विचारपूस म्हणतात. ती विचारपूस मला मागच्या चुलीपाशी ऐकू येत होती. मी हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि ती जळली तरी मला कळलं नाही.

त्याची बायको परसातून आली. रडत नव्हती. म्हणाली, "बाय, त्यानं न्हाय नेलं. आमच्या खोपटाला दारच न्हाय, दार घेऊन आमी करायचं काय?"

मी आत येऊन ह्यांना धरलं. "चोर कोण ते तुम्हांला माहीत आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी देताय!"

"अगं, सांगू काय?" हे खाली बघत म्हणाले. "पाटलाच्या मुलाचं नाव घेऊ? होळीच्या लाकडाचा चोर सांगितला तर गाव मला पाणी देणार नाही. आणि दार साहेबांनीच जाळलं म्हणू? मग पट्टाच काय, पोटही जाईल."

मला ह्यांचा राग आला आणि कीवही आली. खाकीच्या आत माणूस किती लहान होऊन बसतो ते त्या दिवशी बघितलं. मी पाण्याचा तांब्या घेतला, साहेबांच्या समोरून ओटीवर गेले आणि खांबाला बांधलेल्या माणसाला पाणी पाजलं. साहेब बघत राहिले. शिपायाच्या बायकोला काय कलम लावावं ते त्यांना आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीची पालखी चौकीवर आली. पालखी दारात आली की घरच्या बाईनं ओटी भरायची आणि मनातलं गुरवाच्या कानात सांगायचं. मग गुरव ते सगळ्यांसमोर गाऱ्हाणं म्हणून देवीला घालतो. कुणाला मूल हवं असतं, कुणाची म्हैस आटलेली असते. चौकीची घरची बाई मी. मी माझं मागणं गुरवाच्या कानात सांगितलं, तसा म्हातारा मागे सरला.

"सरकारच्या नावानं गाऱ्हाणं घातलं न्हाय कदी, बाय."

"का? देवी सरकारला भिते?"

म्हाताऱ्यानं खाकरून आवाज लावला.

"बाय, आई, आज ह्या चौकीची लेक तुझ्या पायाशी आली हाय!"

"व्हय, आये!" सगळ्या गावानं साथ दिली.

"तुझ्या होळीला गावानं फाटी दिली, कुणी बाज दिली, आणि सरकारनं आपल्या कोठडीचं दार दिलं!"

"व्हय, आये!"

"सायबांनी आपल्या हातानं ते तुला वायलं! त्यांचं दान गोड मानून घे! त्यांना वरची जागा दे! आणि ज्याचा त्यात हात न्हाय, त्याचे हात सोडव!"

"व्हय, आये!" आरोळी एवढी उठली की खाडीवरचे बगळे उडाले. पाटलाचा मुलगा सगळ्यांत पुढे होता. आणि मी ताटातल्या नारळाशेजारी ती काळी कडी ठेवली.

साहेब हात जोडून उभे होते, म्हणून त्यांना कडी उचलता येईना आणि तिच्याकडे न बघताही राहवेना. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. चोरीचा माल कुणी जाळला, कुणाच्या देखत जाळला, आणि साक्षीदार किती, हा हिशेब त्यांच्या डोक्यात झाला असावा. मोठे हुशार अधिकारी होते. पालखी हलण्याआधीच त्यांनी ह्यांना बोलावून हळूच सांगितलं, "त्याला सोड. दार वाळवीनं खाल्लंय, तसं कळव."

पट्टा वाचला, बढती वाचली, पाटलाच्या मुलाचं नावही वाचलं. कातकऱ्याचे दोर मी सोडले. त्याची मनगटं सुजली होती. त्याची बायको पालखीच्या नाही, माझ्या पाया पडायला लागली. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त, सांगायचं तर, माझ्या युक्तीचा अभिमान वाटला. गावभर माझंच कौतुक चाललं होतं.

पण चौकीला दार हवंच होतं. साहेबांनी जाताना उपाय काढला. लाकूड कोण तोडतं? कातकरी. सुजलेल्या हातांनी त्यानंच जंगलातून ऐनाचं लाकूड आणलं, तासलं आणि सुताराला हात देऊन दार उभं केलं. सरकारी कामाला मजुरी कसली मागायची? कडी जुनीच बसवली, घासून. दार झकास झालं. हे मोठ्या कौतुकानं ते उघडून मिटून बघायचे.

गौरी-गणपती झाले आणि एका बागेतले नारळ गेले. फौजदारसाहेब बढती घेऊन दुसरीकडे गेले होते. नवे साहेब आले, त्यांनी चहा पिता पिता विचार केला. त्या नव्या दाराआड बसलेला पहिला माणूस तोच कातकरी.

मी फटीतून भाकरी सरकवली. त्याची बायको बाहेर उकिडवी बसली होती. दाराला तिनं हात लावून बघितला, कडी हलवून बघितली. कडी हलली नाही. मग तिनं माझ्याकडे वळून विचारलं,

"बाय, शिमगा कवा हाय?"